अकालजलद : एका कविनामाचा उगम आणि अर्थ

जबलपूरच्या पश्चिमेस, भेडाघाटच्या वाटेवर, तेवर नावाचे खेडे आहे. कलचुरींची राजधानी त्रिपुरी ती हीच. राजशेखराचे ‘विद्धशालभंजिका’ हे नाटक दहाव्या शतकाच्या पूर्वार्धात पहिला युवराजदेव केयूरवर्ष याच्या येथील राजसभेसमोर सादर झाले. कनोजच्या प्रतिहार दरबारात महेंद्रपालाचा गुरू म्हणून मिरवलेला हा कवी राष्ट्रकूट तिसरा इंद्र याच्या स्वारीने (इ.स. ९१६ च्या सुमारास) ती नगरी हादरल्यानंतर त्रिपुरीस आला, असा अभ्यासकांचा तर्क आहे. मात्र त्रिपुरी त्याला परकी नव्हती. त्याच्या यायावर कुळातील सुरानंद या कवीचे नाव चेदिदेशाशी आधीच जोडले गेलेले होते. याच कुळातील आणखी एका पूर्वजाचे नाव संस्कृत साहित्याच्या इतिहासात सहसा तळटीपेत राहते. ते नाव म्हणजे अकालजलद.

‘बालरामायणा’च्या प्रस्तावनेत राजशेखर आपल्या कुळाचा परिचय करून देतो. दुर्दुक हा पिता, शीलवती ही माता आणि महाराष्ट्रचूडामणी अकालजलदापासून आपण चौथे, असे तो सांगतो. अकालजलद म्हणजे राजशेखराचा पणजोबा. काळाचा हिशेब मांडला तर तो नवव्या शतकाच्या मध्याजवळ येतो. म्हणजे दक्षिणेत राष्ट्रकूट पहिल्या अमोघवर्षाची दीर्घ कारकीर्द चालू असताना आणि त्रिपुरीस पहिला कोक्कल्ल आपले राज्य उभारीत असताना. अकालजलद हे कोणा कुमाराचे बारशाचे नाव असेल असे प्रथमदर्शनी वाटत नाही. तरीही पणतू ते वंशावळीत नि:संकोचपणे घालतो आणि त्याखेरीज दुसरे नाव देत नाही. हे नाव कोठून आले व त्याचा नेमका अर्थ कोणता, याचा उलगडा केला म्हणजे त्या कवीच्या प्रतिभेचाही थोडा उलगडा होतो.

शब्दाची फोड अवघड नाही. अकाले जलद: म्हणजे ऋतू नसताना आलेला मेघ. तथापि संस्कृत परंपरेत असा मेघ स्वागतार्ह मानलेला नाही. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’तील उत्पातप्रकरणात ऋतुबाह्य वृष्टीचे फळ रोग असे सांगितले आहे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात ऋतू नसताना आभाळ भरून आले तर अनध्याय पाळावा, म्हणजे वेदपठण थांबवावे, असा नियम आहे. काव्यातही निराळे चित्र नाही. ‘रघुवंशा’च्या चौथ्या सर्गात रघूच्या दिग्विजयाचे वर्णन करताना कालिदासाने हाच समास योजला आहे. यवनस्त्रियांच्या मुखकमलांवरील मद्याची लाली रघूला सहन झाली नाही. कमळांवर पडलेले कोवळे ऊन अकालजलदाच्या उदयाला सहन होऊ नये तशी. तेथे अकाली आलेला मेघ म्हणजे फुललेल्या कमळांवर पडलेले सावट. आक्रमक राजाला ही उपमा शोभते. परंतु आपल्याला कोणी त्या नावाने हाक मारावी, असे कोणाही कवीस वाटणार नाही.

मग हे नाव भूषणास्पद कसे झाले? त्याचे उत्तर इ.स. १३६३ मध्ये सिद्ध झालेल्या ‘शार्ङ्गधरपद्धती’ या सुभाषितसंग्रहात अकालजलदाच्या नावावर दिलेल्या एका श्लोकात आहे. ही अन्योक्ती आहे. एक सरोवर आटले आहे. बेडूक बिळांत मेल्यासारखे पडून आहेत, कासवे भूमीत शिरली आहेत, मोठाले मासे चिखलाच्या ढिगांवर लोळत पुन:पुन्हा मूर्च्छित होत आहेत. त्याच सरोवरावर अकाली मेघ येतो आणि असे काही करून जातो की, आता तेथे रानहत्तींचे कळप गंडस्थळापर्यंत बुडून पाणी पीत आहेत. श्लोकाचा आशय एवढाच आहे.

या श्लोकाची घडण लक्ष देऊन पाहण्यासारखी आहे. मेघाविषयीच्या संस्कृत अन्योक्तींत बहुधा चातक असतो. तो चोच वर करून याचना करतो, आणि मेघ त्याला पाणी देतो किंवा नुसताच गर्जून निघून जातो. येथे याचकच नाही. जे जीव आहेत ते याचना करण्याच्या पलीकडे गेलेले आहेत. मेल्यासारखा पडलेला बेडूक ओरडत नाही, जमिनीत गेलेले कासव वर पाहत नाही. त्यामुळे ‘अकाल’ या शब्दाला एरवी नसलेला अर्थ प्राप्त होतो. वर्षाऋतूत येणारा मेघ आपले ठरलेले काम करतो; त्याचे देणे अपेक्षितच असते. ठरलेली वेळ नसताना, कोणी न मागता, केवळ गरज पाहून जो येतो त्याचे देणे निराळ्या जातीचे. कालिदासाच्या उपमेत जो दोष होता तो येथे गुणाच्या पदवीस पोचला आहे.

दुसरा विशेष असा की, मेघाने काय केले हे कवी सांगत नाही. गर्जना नाही, विजा नाहीत, धारा नाहीत. ‘असे काही केले’ एवढेच म्हणून तो थेट परिणामावर येतो. तो परिणामही ज्यांच्यासाठी आपला जीव कळवळला त्या बेडकांच्या वा माशांच्या रूपाने दाखविला जात नाही. आधीच्या दोन चरणांत ज्यांचा उल्लेखही नव्हता ते रानहत्ती अखेरीस येतात. मासे वाचले हे त्यावरून कळतेच. शिवाय ज्या सरोवरात मासाही तडफडत होता तेथे हत्ती बुडतो आहे, या एका मापाने दानाची खोली डोळ्यांपुढे उभी राहते.

तिसरा विशेष शब्दनिवडीचा. मेघाला संस्कृतात शब्दांची वाण नाही : घन, अभ्र, जीमूत, पयोधर, वारिवाह. कवीने ‘जलद’ घेतला. जल देतो तो जलद; या शब्दात ‘दा’ हा देण्याचा धातू उघड आहे. कालिदासाच्या समासातही शब्द हाच असला तरी तेथे तो धातू निजलेला आहे, कारण तेथे मेघ काही देत नाही, झाकतो. या श्लोकात तो जागा होतो. ‘अकालघन’ म्हटले असते तर वृत्त कदाचित साधता आले असते, पण दाता हरवला असता.

हा श्लोक ज्याने रचला त्याला रसिकांनी श्लोकातलाच शब्द नाव म्हणून दिला, अशी उपपत्ती अभ्यासकांत रूढ आहे. तिला आधार देणारी उदाहरणे संस्कृतात आहेत. इंदुमतीच्या स्वयंवरातील दिव्याच्या उपमेमुळे कालिदास ‘दीपशिखा’, रैवतकाच्या दोन बाजूंस लोंबणाऱ्या घंटांच्या कल्पनेमुळे माघ ‘घंटामाघ’, कमळपरागांच्या सुवर्णछत्रामुळे भारवी ‘छत्रभारवी’ म्हणून ओळखले गेले. मात्र या तिघांच्या मूळ नावांना धक्का लागला नाही. बिरुद नावापुढे जडले इतकेच. विदर्भातील पद्मपूरच्या भवभूतीची कथा अधिक जवळची आहे. त्याचे मूळ नाव श्रीकंठ असून शिवस्तुतिपर श्लोकातील ‘भवभूति’ या शब्दावरून त्याला हे नाव मिळाले, असे टीकाकारांनी म्हटले आहे. पण त्याच्या नाटकांच्या प्रस्तावनांतील शब्दयोजना अशी आहे की, श्रीकंठ हेच बिरुद आणि भवभूती हेच नाव असाही अर्थ लागतो.

खरा जोड सापडतो तो तमिळ संघसाहित्यात. ‘कुरुन्तोगै’ या संग्रहातील चाळिसाव्या कवितेत दोन प्रेमी जीवांची हृदये तांबड्या मातीत पडलेल्या पावसाच्या पाण्यासारखी एकरूप झाल्याची उपमा आहे. तिच्या कवीचे नाव संग्रहात ‘सेम्पुलप्पेयनीरार’, म्हणजे तांबड्या जमिनीवर पडलेल्या पाण्याचा कवी, असे दिले आहे. लगेच पुढच्या कवितेचा कवीही ‘अणिलाडु मुन्रिलार’, खारी बागडणाऱ्या अंगणाचा कवी, आहे. या कवींची खरी नावे लोपली आणि संग्राहकांनी कवितेतील ठळक शब्दांवरून ती नव्याने दिली. दोन भाषांतील दोन कवी पावसाच्या एकेका प्रतिमेवरून ओळखले जावेत हा योगायोग मनोज्ञ आहे. त्यांत भेद एवढाच की, तमिळ कवींना नाव देणारा संग्राहक आहे, तर अकालजलदाच्या बाबतीत घरच्या पणतूनेच त्या नावावर शिक्कामोर्तब केले आहे.

तथापि नावांच्या कथा अनेकदा नावांनंतर जन्मतात, हे विसरून चालत नाही. खुद्द जबलपूरचेच उदाहरण घ्यावे. हे नाव जाबाली ऋषीवरून आले असे परंपरा सांगते; पर्वतवाचक अरबी ‘जबल’ शब्दाकडेही कोणी बोट दाखवितात. परंतु गयाकर्णाची राणी आल्हणदेवी हिच्या भेडाघाट शिलालेखात (कलचुरी संवत ९०७, म्हणजे इ.स. ११५५) ‘जाउलीपत्तला’ असा प्रादेशिक विभागाचा उल्लेख आहे आणि अभ्यासकांनी जबलपूरचे नाव त्याच्याशी जोडले आहे. कथा गोड असली तरी लेखाचा पुरावा अधिक वजनदार ठरतो. अकालजलदाच्या श्लोकाबाबतही उलट शंका घेता येते : नाव आधीचेच असेल आणि कवीने आपल्या विचित्र नावाचे समर्थन करण्यासाठी ते श्लोकात गुंफले असेल. मराठी संतकवी अभंगाच्या शेवटी आपले नाव घालतात, तसाच काहीसा हा प्रकार मानावा लागेल.

या शंकेला उत्तर नामकरणाच्या शास्त्रात शोधता येते. पारस्कर गृह्यसूत्रानुसार मुलाचे नाव दोन किंवा चार अक्षरांचे असावे व त्याचा आरंभ घोषवर्णाने व्हावा. अकालजलद हे सहा अक्षरी नाव स्वरापासून सुरू होते. पण या नियमावर फार भार टाकता येत नाही, कारण पाच अक्षरांचा ‘राजशेखर’ही त्यात बसत नाही. मनूने घातलेली ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक असावे ही अट अधिक बोलकी आहे. ज्या मेघाच्या दर्शनाने वेदाध्ययन थांबवायचे, त्याचे नाव उपाध्यायांच्या घरात जन्मलेल्या बाळाला ठेवले जाईल हे संभवत नाही. मुले जगत नसली म्हणजे धोंडू, दगडू, भिकू अशी नावे ठेवून दृष्ट चुकविण्याची रीत महाराष्ट्रात होती हे खरे. परंतु ती नावे क्षुद्र वस्तूंची असतात, उत्पाताची नव्हेत. शिवाय सहा अक्षरांचा डौलदार समास हा पाळण्यापेक्षा काव्यगोष्ठीत जन्मल्यासारखा वाटतो.

आणखी एक गोष्ट कुळातच दडलेली आहे. ‘बालरामायणा’त राजशेखराने आपल्या कुळातील कवी म्हणून अकालजलद, सुरानंद, तरल आणि कविराज ही नावे घेतली आहेत. त्यांतील ‘कविराज’ ही उघड पदवी आहे. ‘तरल’ हे विशेषणही असू शकते आणि हारातील मध्यमण्याचे नावही. या घराण्यात कवी म्हणून मिळालेले नाव जन्मनावाला मागे सारीत असे, असे यावरून दिसते. ज्याची कवी म्हणून गणना केलेली नाही तो पिता मात्र ‘दुर्दुक’ या काव्यगंध नसलेल्या नावानेच राहिला. कुळनामही असेच अर्थगर्भ आहे. ‘यायावर’ म्हणजे सतत हिंडणारा. गृहस्थांच्या एका वर्गाचे हे नाव धर्मसूत्रांत आढळते.

ते हिंडणे नावांच्या विशेषणांतून कळते. अकालजलद ‘महाराष्ट्रचूडामणी’ आहे. सुरानंदाविषयी राजशेखराच्या नावावर असलेल्या एका श्लोकात मात्र नद्यांत नर्मदा, राजांत रणविग्रह आणि कवींत सुरानंद ही चेदिमंडलाची भूषणे म्हटली आहेत. रणविग्रह हा कोक्कल्लाचा पुत्र शंकरगण. त्याची कन्या लक्ष्मी राष्ट्रकूट जगत्तुंगास दिली होती. एक कवी महाराष्ट्राचा अलंकार, त्याच कुळातला दुसरा चेदीचा. या दोन विशेषणांच्या दरम्यान केव्हातरी कुळाची एक शाखा नर्मदा ओलांडून त्रिपुरीस आली असावी, आणि राष्ट्रकूट-कलचुरी सोयरिकींनी ती वाट सुकर केली असावी, हे अनुमान सहज निघते. ‘महाराष्ट्र’ या शब्दाचा अर्थ मात्र जपून घ्यावा. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त दक्षिणापथातील देश सांगताना महाराष्ट्र आणि विदर्भ वेगवेगळे मोजले आहेत, तेव्हा त्याच्या विदर्भप्रेमावरून, किंवा काव्यपुरुषाचा विवाह त्याने वत्सगुल्मात (आजच्या वाशीमला) लावला यावरून, पणजोबाचे घर विदर्भात नेऊन ठेवण्याची घाई करू नये.

पुढे हे नाव किती रूढ झाले होते हे इ.स. १२५८ मध्ये सिद्ध झालेल्या जल्हणाच्या ‘सूक्तिमुक्तावली’वरून दिसते. जल्हण हा देवगिरीच्या यादव कृष्णाच्या पदरी गजदळाचा अधिकारी होता. या संग्रहात राजशेखराच्या नावावर कवींच्या स्तुतीचे जे श्लोक आहेत, त्यांपैकी दोन अकालजलदाविषयी आहेत. एकात अकालजलदरूपी चंद्राची वाणी हे चांदणे मानले असून कविरूपी चकोर ते नित्य पितात तरी ते सरत नाही, असे म्हटले आहे. येथे क्षणभर थबकावे लागते. मेघ चंद्राला झाकतो. मेघालाच चंद्र म्हणणे विसंगत नाही काय? विरोधाचा चमत्कार साधण्यासाठी कवीने हे मुद्दाम केले असेल. पण अधिक संभव असा की, ‘अकालजलद’ उच्चारताच मेघ डोळ्यांपुढे येण्याचे दिवस तोपर्यंत सरले होते. शब्दाचा अर्थ मिटून त्याचे नाव झाले होते. नाव पूर्णपणे नाव होते ते अशाच वेळी.

दुसऱ्या श्लोकात कौतुकासोबत बोचही आहे. कादंबरीराम नावाचा कोणी कवी अकालजलदाचे श्लोक जणू स्वत:चे असावेत तसे वापरून श्रेष्ठ नाटककार झाला, असा त्याचा आशय आहे. पणजोबाची ही लूट पणतूच्या मनात घर करून राहिली असावी. ‘काव्यमीमांसे’त शब्दहरण आणि अर्थहरण यांवर राजशेखराने तीन अध्याय खर्ची घातले आहेत, दुसऱ्याचे केव्हा घ्यावे, किती घ्यावे, घेतलेले कसे पचवावे, याची इतकी सविस्तर चर्चा संस्कृत साहित्यशास्त्रात क्वचितच सापडते. त्यात पत्नी अवंतिसुंदरीचेही मत नमूद आहे, आणि ते हरण करणाऱ्याला पुष्कळच मोकळीक देणारे आहे! घरातल्या या मतभेदामागे कादंबरीरामाचे प्रकरण असेल काय, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. अर्थात हा केवळ तर्क होय.

आजच्या वाचकाच्या कानाला हे नाव अनेक अंगांनी फसविते. मराठीत ‘अकाली’ हा शब्द बहुधा मृत्यूला चिकटतो, आणि ‘अवकाळी’ म्हटले की आंब्याचा झडलेला मोहोर व भिजलेला हरभरा आठवतो. ‘जलद’ तर मराठीत फारसी ‘जल्द’वरून आलेला वेगवाचक शब्द होऊन बसला आहे, जलद गाडीत ढगाचा मागमूस नाही. जबलपूरच्या हिंदीभाषकाला ‘अकाल’ म्हणजे दुष्काळ. त्याच्या लेखी अकालजलद हा दुष्काळातला मेघ होईल, आणि गंमत अशी की व्युत्पत्ती चुकूनही श्लोकाचा भाव त्याला मराठीभाषकापेक्षा जवळून कळेल. पंजाबी परंपरेत ‘अकाल’ कालातीत परमेश्वराचे नाव आहे. शिवाय नर्मदाखोऱ्यात पौष-माघात पडणाऱ्या पावसाला ‘मावठा’ म्हणतात, आणि गारा आल्या नाहीत तर गहू-हरभऱ्याला तो मानवतो. ऋतुबाह्य पाऊस नेहमीच आपत्ती नसतो हे तिकडच्या शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

बिल्हारी येथे सापडलेला आणि नागपूरच्या संग्रहालयात ठेवलेला कलचुरी शिलालेख आपल्या रचनेचा गौरव करताना, विस्मित झालेल्या कवी राजशेखराने तिची स्तुती करावी, असे म्हणतो. चेदिदेशात पणतूचे नाव असे शिळेवर कोरले गेले. पणजोबाचे नाव मात्र कोणत्याही शिळेशिवाय, एका श्लोकाच्या आधाराने टिकून राहिले. ‘काव्यमीमांसे’च्या उपलब्ध भागातील अखेरच्या, अठराव्या अध्यायाचा विषय आहे कालविभाग. कोणत्या ऋतूत कोणता वारा वाहतो, कोणते फूल फुलते, मेघ केव्हा यावेत आणि केव्हा येऊ नयेत, याचा तो बारकाईने केलेला हिशेब आहे.